लिथियम-गंधक बॅटरीतील पापुद्रेदार पदार्थ : अडवणे, धरणे की पुढे ढकलणे?

अभ्रक (धागाकर्ता)

गंधक स्वस्त आहे. इंधनातून तो काढून टाकणे तेलशुद्धीकरण कारखान्यांना भागच असल्यामुळे त्याचा तुटवडा नाही, आणि एक ग्रॅम गंधक सैद्धांतिक हिशेबाने १६७५ मिलीअँपिअर-तास इतका विद्युतभार देऊ शकतो. सध्याच्या लिथियम-आयन सेलमधले निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात ग्रॅममागे १६० ते २०० च्या आसपास देते. गंधकाच्या सेलचा व्होल्टेज कमी, सरासरी २.१ च्या जवळपास असतो. तरीही केवळ लिथियम आणि गंधक यांचेच वजन धरले, तर किलोमागे सुमारे २६०० वॅट-तास ही मर्यादा निघते. गंधकाच्या कॅथोडचे पेटंट १९६२ सालचे आहे. एवढ्या वर्षांत ही बॅटरी घरोघरी का पोचली नाही, आणि ज्यांच्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत शोधनिबंधांचा पाऊस पडला ते पापुद्रेदार पदार्थ तिच्या दुखण्यावर नेमके काय करतात, याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी शब्दांविषयी. धनाग्र आणि ऋणाग्र हे शालेय शब्द मी मुद्दाम टाळतो आहे, कारण विद्युत-अपघटनाच्या पाठात ॲनोड धन असतो, तर बॅटरी वापरात असताना तोच ऋण असतो, आणि वाचक तिथे हमखास अडखळतो. इथे कॅथोड म्हणजे सेलची गंधकाची बाजू, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ज्यांना काही जण द्विमितीय पदार्थ म्हणतात त्यांना मी पापुद्रेदार म्हणेन. पापुद्र्याच्या आतले बंध भक्कम आणि दोन पापुद्र्यांमधले बंध दुबळे, हे लक्षण तळलेल्या चिरोट्याचे पदर ज्याने सोडवून पाहिले आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुखणी तीन आहेत. गंधक हा पक्का विद्युतरोधक आहे, त्यामुळे त्याला कार्बनची साथ द्यावीच लागते. त्याचे लिथियम सल्फाइड होताना आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. तिसरे दुखणे सर्वांत चिवट आहे. सेल वापरात असताना आठ अणूंचे गंधकाचे कडे उघडते आणि लिथियम घेत घेत आठ, सहा, चार अणूंच्या साखळ्या तयार होतात. या साखळ्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात. सेलमध्ये आयन वाहून नेणारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, नेहमी डायऑक्सोलेन आणि डायमेथॉक्सीइथेन यांच्या मिश्रणाचा असतो, आणि त्यात त्या सहज विरघळतात. काचेच्या सेलमध्ये हा प्रकार डोळ्यांनी दिसतो : पाण्यासारखा द्रव बघता बघता तांबूस तपकिरी होतो. विरघळलेल्या साखळ्या दोन बाजूंना वेगळे ठेवणाऱ्या सच्छिद्र पडद्यातून पलीकडच्या लिथियमपर्यंत जातात, तिथे तुटून आखूड होतात, चार्जिंगच्या वेळी परत कॅथोडकडे येतात, पुन्हा लांब होतात आणि पुन्हा निघतात. इंग्रजीत याला शटल म्हणतात; मला येरझार हा शब्द अधिक नेमका वाटतो. या येरझारीत चार्जिंगची वीज फुकट जाते, गंधक कॅथोडपासून दुरावतो आणि लिथियमचा पृष्ठभाग खराब होतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडे लिथियम नायट्रेट घातल्यास लिथियमवर संरक्षक थर बसतो आणि येरझार बरीच आटोक्यात येते; परंतु नायट्रेट हळूहळू खर्च होते, त्यामुळे तो कायमचा इलाज नाही.

२००९ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने सुबक नळ्यांच्या जाळीसारख्या सच्छिद्र कार्बनमध्ये वितळलेला गंधक जिरवला आणि ग्रॅममागे १३२० मिलीअँपिअर-तासांपर्यंत मजल मारली. या क्षेत्राला आलेले नवे भरते तेव्हापासूनचे आहे. त्या काळातला विचार कोंडून ठेवण्याचा होता. परंतु कार्बनचा पृष्ठभाग अध्रुवीय आणि पॉलिसल्फाइड ध्रुवीय, त्यामुळे कोंडलेले पॉलिसल्फाइड आज ना उद्या फटीतून निसटतेच. पुढचा टप्पा म्हणजे पॉलिसल्फाइडशी रासायनिक नाते जोडणारा पृष्ठभाग शोधणे, आणि इथे पापुद्रेदार पदार्थ आले. पापुद्रा सुटा केला की त्याचे जवळजवळ सगळे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ काम होते. शिवाय असे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसवले, तर विरघळलेल्या साखळ्यांची वाट लांब आणि वळणाची होते.

माझे म्हणणे असे आहे की वाट अडवणे हे या पदार्थांचे सर्वांत किरकोळ काम आहे. धरून ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि धरलेल्या साखळीचे भराभर पुढच्या पदार्थात रूपांतर घडवणे हे खरे काम आहे. ज्या निबंधात पहिल्या दोहोंचाच पुरावा आहे आणि तिसऱ्याचा नाही, त्याच्या आकड्यांकडे मी जरा सावधपणे पाहतो.

उदाहरण मँगनीज डायऑक्साइडचे घेऊ. त्याचा बर्नेसाइट हा प्रकार पापुद्रेदार आहे. नाझर यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवले की या पापुद्र्यांचा पॉलिसल्फाइडशी संबंध निव्वळ चिकटण्याचा नाही. आरंभीचे पॉलिसल्फाइड मँगनीजचे क्षपण करते आणि स्वतः ऑक्सिडीकृत होऊन पृष्ठभागावर थायोसल्फेट बनते. त्यानंतर येणारी लांब साखळी त्या थायोसल्फेटमध्ये शिरते, आपले काही गंधक अणू तिथे ठेवते आणि आखूड होऊन बाहेर पडते. म्हणजे पृष्ठभाग दलालासारखा मध्यस्थी करतो. मॅक्सीन या टायटेनियम कार्बाइडच्या पापुद्र्यांवरही, तिथले हायड्रॉक्सिल गट खर्ची पडून, थायोसल्फेट बनते आणि मग उघड्या झालेल्या टायटेनियमला गंधक थेट जोडला जातो.

आता पकड किती घट्ट असावी? स्टॅनफर्डमधील यी चुई यांच्या गटाने २०१५ मध्ये ऑक्साइड, सल्फाइड आणि क्लोराइड अशा अनेक पापुद्रेदार पदार्थांची संगणकीय तुलना केली. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडासारखी ऑक्साइडे पॉलिसल्फाइडला इतकी घट्ट पकडतात की साखळीच मोडू शकते. सल्फाइडांची पकड मध्यम असते. आणि ग्राफीनसारख्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्यासारख्या, पृष्ठभागावर जी थोडी पकड असते ती बहुतांशी दुबळ्या व्हॅन डर वाल्स बलाची असते. सोडले तर पळते, धरले तर चावते, अशी ही अवस्था आहे. म्हणूनच मॉलिब्डेनम, टायटेनियम आणि व्हॅनेडियम यांच्या डायसल्फाइडांकडे संशोधकांचा ओढा राहिला.

प्रत्यक्ष सेल बनवलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे.


हिशेबनीस

धागा आवडला. मी सेलच्या आराखड्याचे, म्हणजे वजनांच्या बेरजांचे काम करतो, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा कोरडा असेल.

एक चौरस सेंटिमीटर कॅथोड घ्या. त्यावर गंधक ५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात ग्रॅममागे १००० मिलीअँपिअर-तास मिळाले असे धरले, तर २.१ व्होल्टने १०.५ मिलीवॅट-तास ऊर्जा झाली. आता वजने पाहू. गंधक ५, कार्बन आणि बंधक मिळून २, दोन्ही बाजूंनी लेप असलेल्या १५ मायक्रॉन ॲल्युमिनियम पत्र्याचा निम्मा वाटा २, गरजेच्या दुप्पट लिथियम २.६, पडदा १. या सगळ्यांची बेरीज १२.६ मिलिग्रॅम होते. राहिला इलेक्ट्रोलाइट. प्रयोगशाळेतील नाणे-सेलमध्ये गंधकाच्या मिलिग्रॅममागे १० मायक्रोलिटर द्रव ही नवलाची गोष्ट नाही, घनता १.१ धरली तर तेवढ्याचेच ५५ मिलिग्रॅम होतात. एकूण ६७.६, म्हणजे किलोमागे सुमारे १५५ वॅट-तास, आणि त्यात अजून वेष्टन धरलेले नाही. एवढे तर साधा लिथियम-आयन सेलही देतो, किंबहुना त्याहून बरेच अधिक देतो. तोच द्रव मिलिग्रॅममागे ३ मायक्रोलिटरवर आणला तर एकूण वजन २९ वर येते आणि आकडा ३६० च्या घरात जातो.

म्हणून कोणताही पापुद्रेदार पदार्थ माझ्यापुढे आला की माझा पहिला प्रश्न त्याच्या क्षमतेविषयी नसतो, तो द्रव किती पितो याविषयी असतो. पडद्यावर चौरस सेंटिमीटरला ०.३ मिलिग्रॅमचा दाट लेप दिला, तर त्याचे वजन वरच्या बेरजेत कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु ५० मायक्रॉन जाडीचा, ८० टक्के पोकळ असा मधला थर घातला, तर त्याच्या पोकळ्या भरायलाच चौरस सेंटिमीटरला ४ मायक्रोलिटर द्रव लागतो, म्हणजे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास वजन वाढते. निबंधात मात्र क्षमता केवळ गंधकाच्या ग्रॅममागे लिहिलेली असते, आणि हे सगळे वजन त्या आकड्याबाहेर राहते.

टेक्सास विद्यापीठातील अरुमुगम मंथिराम यांच्या गटाने २०२० मध्ये पाच पाचांचा निकष मांडला : गंधक चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅमहून अधिक, कार्बन ५ टक्क्यांहून कमी, द्रव आणि गंधक यांचे प्रमाण मिलिग्रॅममागे ५ मायक्रोलिटरहून कमी, द्रव आणि क्षमता यांचे प्रमाण मिलीअँपिअर-तासामागे ५ मायक्रोलिटरहून कमी, आणि लिथियमच्या क्षमतेचे कॅथोडच्या क्षमतेशी प्रमाण ५ हून कमी. मी निबंध वाचताना आधी हे पाच आकडे शोधतो. ते सापडेपर्यंत आलेखांकडे जात नाही.


नवशिकी

मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी याच विषयावर वाचन करते आहे, त्यामुळे धाग्याबद्दल मनापासून आभार. एक शंका आहे. पडद्यावरच्या लेपाने पॉलिसल्फाइडला पकडले, तर तो गंधक कॅथोडपासून दूर, पडद्यावरच अडकून पडणार नाही का? येरझार थांबली तरी क्षमता गेलीच, असे होणार नाही का?


अभ्रक

शंका अगदी योग्य आहे. लेप विद्युतवाहक असेल आणि कॅथोडच्या बाजूला त्याला टेकलेला असेल, तर तो कॅथोडचाच वाढीव भाग होतो आणि त्यावर अडकलेला गंधक चार्ज-डिस्चार्जच्या पुढच्या फेरीत पुन्हा कामाला येतो. मंथिराम यांच्या गटाने २०१२ मध्ये कॅथोड आणि पडदा यांच्यामध्ये सूक्ष्मच्छिद्री कार्बन-कागद ठेवून जो सुधार दाखवला, त्याचे बरेचसे श्रेय या गोष्टीला जाते. लेप विद्युतरोधक असेल तर तुमची भीती खरी ठरते, आणि काही फेऱ्यांनंतर पडद्यावर मृत गंधकाचा थर जमतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडची गंमत इथेच आहे. त्याचा नेहमीचा प्रकार अर्धवाहक असतो, आणि पापुद्र्याचे सपाट अंग रासायनिकदृष्ट्या बरेचसे सुस्त असते. काम होते ते कडांवर आणि जिथे गंधकाचा अणू गळाला आहे अशा रिकाम्या जागांवर. लिथियम सल्फाइडही सपाट अंगापेक्षा कडांवर अधिक साचते, असे दिसून आले आहे. म्हणून एकच मोठा सुबक पापुद्रा मिळवण्यापेक्षा पुष्कळ कडा असलेला चुराडा अधिक उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी हेच पापुद्रे बनवणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल.

दुसरा मार्ग प्रकारच बदलण्याचा आहे. या पावडरीवर ब्यूटाइल-लिथियमची प्रक्रिया केली, की पापुद्र्यांमध्ये लिथियम शिरते आणि तिची रचना बदलून ती धातूसारखी विद्युतवाहक होते. केंब्रिजमध्ये मनीष छोवाला यांच्या गटाने ते लिथियम धुऊन न काढता तसेच ठेवले आणि असे पापुद्रे गंधकाचे यजमान म्हणून वापरले. २०२३ मध्ये त्यांनी पाउच-सेलसाठी, म्हणजे चपट्या पाकिटातल्या सेलसाठी, किलोमागे ४४१ वॅट-तास, लिटरमागे ७३५ वॅट-तास आणि २०० फेऱ्यांनंतर ८५ टक्के क्षमता शिल्लक, असे आकडे दिले. यजमान स्वतःच दाट आणि वाहक असल्यामुळे पोकळ कार्बनचा भार कमी झाला, आणि हिशेबनीस यांनी वर मांडलेली द्रवाची तहानही त्याच कारणाने कमी झाली.


शंकेखोर

माझा रसायनशास्त्राशी संबंध बारावीपुरता, पण एक आकडेमोड खटकली म्हणून लिहितो. मँगनीज डायऑक्साइडच्या ज्या निबंधाचा उल्लेख आला आहे, त्यात २००० फेऱ्या आणि फेरीमागे ०.०३६ टक्के घट असे लिहिलेले आहे. ऐकायला हे नगण्य वाटते. परंतु सरळ गुणाकार केला तर २००० फेऱ्यांत ७२ टक्के घट होते, आणि चक्रवाढीने मोजले तरी शेवटी ४९ टक्केच उरतात. स्कूटरची बॅटरी ८० टक्क्यांवर आली की आपण ती थकली असे म्हणतो. मग हा आकडा चांगला का मानायचा?


हिशेबनीस

तुम्ही टक्केवारीची दुखरी नस बरोबर पकडली आहे. फेरीमागे घट या पद्धतीने फेऱ्या जितक्या वाढवाव्यात तितका आकडा गोंडस दिसतो, कारण पहिल्या शंभर फेऱ्यांतली मोठी घसरण पुढच्या संथ काळात पातळ होऊन जाते. तरी न्यायाने सांगायचे, तर २०१५ मध्ये गंधकाचे प्रमाण ७५ टक्के ठेवून इतक्या फेऱ्या टिकलेला कॅथोड दुर्मीळ होता, त्यामुळे तुलनेने तो चांगलाच होता. मात्र प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले गिऱ्हाइकाला पुरेसे पडेलच असे नाही.


जुनी प्रयोगवही

मी काही वर्षे मॅक्सीनवर काम केले आहे. कोणत्या संस्थेत ते सांगत नाही, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे ती सर्वस्वी आमची होती.

मॅक्सीनचा शोध २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात लागला. टायटेनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्या थरांच्या संयुगातून हायड्रोफ्लोरिक आम्लाने ॲल्युमिनियमचा थर खाऊन टाकला, की टायटेनियम कार्बाइडचे पापुद्रे मोकळे होतात. २०१४ पासून लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाने हेच काम थोडे सौम्यपणे होऊ लागले. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. ते आम्ल भांड्यातच तयार होत असते, आणि त्याने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवल्याशिवाय आम्ही झाकणाला हात लावत नसू.

मोकळे झालेले पापुद्रे वाळले की पुन्हा एकमेकांना चिकटतात, हा या पदार्थाचा पहिला अवगुण. निबंधात ग्रॅममागे शंभर वर्ग-मीटरचे पृष्ठफळ लिहिलेले असते आणि वाळवलेल्या लेपात त्याचा लहानसा हिस्साच शिल्लक असतो. मध्ये कार्बनच्या नळ्या घालून पापुद्रे दूर ठेवता येतात, परंतु मग त्या नळ्यांचे वजन आले. दुसरा अवगुण असा, की पाण्यात ठेवलेले मॅक्सीन हळूहळू ऑक्सिडीकृत होते आणि टायटेनियम डायऑक्साइड तयार होते. गडद रंगाचा द्रव दिवसेंदिवस फिकट आणि दुधाळ होत जातो.

आमची फजिती अशी झाली. एका सुट्टीच्या आधी तयार केलेला द्रव तीन आठवडे शीतकपाटात राहिला. सुट्टीनंतर आम्ही त्याच द्रवाचा लेप पडद्यावर दिला आणि निकाल आधीच्या सर्व सेलपेक्षा चांगले आले. आनंदाच्या भरात त्याचे कारण मॅक्सीनच्या पापुद्र्यांची जाडी कमी झाली असावी, असे ठरवूनही झाले. क्ष-किरण विवर्तनाचा आलेख पाहिला तेव्हा त्यात टायटेनियम डायऑक्साइडची शिखरे स्पष्ट होती. वाहक कार्बाइडच्या अंगावर पॉलिसल्फाइडला धरणारे ऑक्साइडचे ठिपके, असा संकर नकळत तयार झाला होता. तो संकर मुद्दाम बनवणारे निबंध नंतर वाचनात आले तेव्हा हसावे की रडावे ते कळेना, कारण आमच्याकडे ना किती ऑक्साइड झाले याची मोजदाद होती, ना तीच अवस्था पुन्हा आणण्याची खात्री.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की पदार्थ बनवल्याच्या दिवशीचा आलेख पुरेसा नाही; सेलमध्ये जाण्याच्या दिवशीचा आलेख हवा.


काजूबी

थोडे विषयांतर करतो. धागाकर्त्यांनी चालवून घ्यावे. गंधकाला धरून ठेवण्यासाठी पापुद्रेच हवेत असे नाही. शिव नादर विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांनी काजूच्या टरफलाच्या तेलातून मिळणाऱ्या कार्डॅनॉलपासून बनवलेल्या रसायनाची गंधकाशीच बहुवारिके (पॉलिमर) तयार करून ती कॅथोडसाठी वापरली आहेत. त्यात गंधक रासायनिक बंधानेच साखळीत गुंफलेला असतो. आमच्याकडे कोकणात आणि गोव्यात बोंडूला आणि गराला मान असतो, टरफलाच्या तेलाने मात्र हात भाजतात एवढीच त्याची ओळख, म्हणून हे वाचून विशेष वाटले.


अभ्रक

विषयांतर मुळीच नाही. तुलना उपयोगी आहे. बहुवारिकात गंधक सुरुवातीला बांधलेला असतो, परंतु सेल वापरात येताच बंध तुटून लिथियमचे पॉलिसल्फाइड तयार होतातच, त्यामुळे पकडणाऱ्या पृष्ठभागाची गरज पूर्णपणे संपत नाही. दोन्ही उपाय एकत्र नांदू शकतात.


शंकेखोर

आता स्कूटरकडे येतो, कारण माझा मूळ प्रश्न तोच आहे. या सगळ्यातून माझ्या स्कूटरला कधी काही मिळेल का?


हिशेबनीस

स्कूटरच्या बैठकीखाली जागा मोजकी असते, आणि गंधकाच्या सेलचे बळ वजनात आहे, आकारमानात नाही. गंधक आणि लिथियम दोन्ही हलके, शिवाय कॅथोड सच्छिद्र, त्यामुळे लिटरमागे हिशेब केला तर लिथियम-आयनशी बरोबरी करणेच अवघड जाते. जिथे प्रत्येक ग्रॅम मोलाचा आणि जागा भरपूर, तिथे या बॅटरीचे पाऊल आधी पडणार. २०१० च्या जुलैमध्ये झेफिर हे सौरऊर्जेवरचे मानवरहित विमान अमेरिकेत ॲरिझोनावरून सलग चौदा दिवस उडत राहिले, ते रात्री लिथियम-गंधक बॅटरीवरच. उलट बाजूने, याच तंत्रावर बेतलेली इंग्लंडमधील ऑक्सिस एनर्जी ही कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तुमच्या स्कूटरला सध्या लोह-फॉस्फेटची लिथियम-आयन बॅटरीच बरी.


जुनी प्रयोगवही

आतापर्यंत सर्वांनी कॅथोडचीच बाजू लढवली. मिलिग्रॅममागे ३ मायक्रोलिटर द्रवावर चालणारा सेल मरतो तो बहुतेक वेळा लिथियमच्या बाजूने, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रत्येक चार्जिंगला लिथियम खडबडीत, शेवाळासारखे साचते, त्याचे उघडे अंग द्रवाला आणि नायट्रेटला खाते, आणि द्रव संपला की कॅथोडमध्ये गंधक शिल्लक असूनही सेल कोरडा पडतो. नाणे-सेलमध्ये द्रव आणि लिथियम दोन्ही मुबलक असल्यामुळे हा प्रकार झाकला जातो, आणि श्रेय पापुद्र्यांना मिळते.

पापुद्रेदार पदार्थ इथेही उपयोगी पडले आहेत. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये लिथियमवरच सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर बसवला आणि गंधकाच्या कॅथोडसमोर १२०० फेऱ्या चालवून दाखवल्या. त्या थरात लिथियम शिरून तो वाहक होतो आणि लिथियम आयनांना सगळीकडे सारखी वाट देतो. थर इतका पातळ असल्यामुळे हिशेबनीस यांच्या बेरजेत त्याचे वजन शून्यच धरावे लागेल.


अभ्रक

यातला एक योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. १९७६ मध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये असताना लिथियम आणि टायटेनियम डायसल्फाइड यांची बॅटरी प्रसिद्ध केली, ती पापुद्र्यांमध्ये लिथियम शिरण्याच्या तत्त्वावरच. कॅनडातील मोली एनर्जीने लिथियम धातू आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे सेल बाजारात आणले, आणि १९८९ मध्ये जपानमधील मोबाइल फोनला आग लागल्यावर ते परत बोलवावे लागले. तेव्हा दोष पापुद्र्यांचा नव्हता, लिथियम धातूचा होता. जे डायसल्फाइड त्या काळी स्वतः वीज साठवायला उभे होते, तेच आता गंधकाचे मदतनीस म्हणून आणि लिथियमचे पांघरूण म्हणून परतले आहेत. टायटेनियम डायसल्फाइड तर गंधकाच्याच व्होल्टेज-पट्ट्यात लिथियम घेते, त्यामुळे ते नुसते ओझे होत नाही, स्वतःची थोडी क्षमताही जोडते. स्टॅनफर्डच्या गटाने २०१४ मध्ये लिथियम सल्फाइडच्या कणांना त्याचेच कवच दिले होते.


नवशिकी

सर्वांचे आभार. माझ्या प्रकल्पात मार्गदर्शकांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा पडद्यावरील लेप सुचवला आहे. उपकरणे मर्यादित आहेत : एक हातपेटी (हवाबंद, हातमोज्यांतून काम करण्याची पेटी), आठ वाहिन्यांचा बॅटरी-परीक्षक आणि अतिनील-दृश्य वर्णपटमापक. धागाकर्त्यांनी वर ज्या तिसऱ्या कामाचा, म्हणजे रूपांतराचा, पुरावा मागितला आहे तो एवढ्या सामग्रीवर देता येईल का?


अभ्रक

देता येईल. पॉलिसल्फाइडच्या द्रावणात पावडर टाकून रंग उडाल्याचे छायाचित्र सगळेच देतात. त्यात पावडरीचे वजन समान ठेवण्यापेक्षा पृष्ठफळ समान ठेवा, आणि वर्णपट घ्या. एवढ्याने पकड सिद्ध होते, रूपांतर नाही. रूपांतरासाठी दोन्ही बाजूंना तुमचाच लेप आणि मध्ये सहा गंधक अणूंच्या पॉलिसल्फाइडचे द्रावण, असा सममित सेल बांधा आणि त्याच्या विद्युतप्रवाहाची तुलना साध्या कार्बनशी करा. पुढे, वेगळ्या सेलमध्ये २.०५ व्होल्टवर स्थिर ठेवून लिथियम सल्फाइड किती लवकर आणि किती साचते ते प्रवाहाच्या आलेखावरून मोजा. परीक्षकात स्थिर व्होल्टेजची सोय असली की पुरे.


जुनी प्रयोगवही

त्यात माझी एक भर. तुलनेचा सेल नुसत्या कोऱ्या पडद्याचा ठेवू नका. त्याच वजनाचा कार्बनचा लेप दिलेला एक पडदा घ्या आणि त्याच वजनाच्या, पापुद्रे न सोडवलेल्या बाजारी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा दुसरा घ्या. आमच्याकडे हे दोन्ही सेल लावले असते, तर निम्मे निष्कर्ष पहिल्याच महिन्यात गळून पडले असते. डिस्चार्ज १.७ व्होल्टच्या खाली नेऊ नका, कारण तिथे नायट्रेट कॅथोडवरच खर्च होऊ लागते. आणि आठपैकी तीन वाहिन्या एकाच प्रकारच्या सेलसाठी राखून ठेवा. एका सेलचा आलेख सुंदर आला तरी उरलेले दोन काय म्हणतात ते पाहिल्याशिवाय मार्गदर्शकांना दाखवू नका.


नवशिकी

सोमवारी कार्बनच्या लेपापासून सुरुवात करते. द्रवाचे प्रमाण आधी १० आणि मग ५ मायक्रोलिटर ठेवून दोन्ही संच लावीन, आणि आकडे याच धाग्यावर लिहीन.